शेतकऱ्याचं तेरावं पोर, पहिल्या मालकाने हाकलून दिलं, पण पुढे त्याचं आडनावच थाटमाटाचा शब्द बनलं

पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सजवळ ‘रिट्झ-कार्लटन’ हॉटेल उभं आहे. पणजीला गेलेला माणूस फिश थाळी खायला ‘रिट्झ क्लासिक’चा पत्ता विचारतो. काही वर्षांपूर्वी मारुतीची ‘रिट्झ’ नावाची गाडी आपल्या रस्त्यांवर जिकडेतिकडे दिसायची. आणि इंग्रजीत ‘रिट्झी’ असा शब्दच आहे. अर्थ काय, तर एकदम श्रीमंती थाटाचं.

पंचतारांकित हॉटेल, माशाची थाळी आणि छोटी गाडी, या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण हे नाव आलं कुठून, याचा माग काढत गेलं की आपण स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरात जाऊन पोचतो. तिथे जन्मलेल्या पोराचं नाव सेझार रिट्झ.

पॅरिसच्या ‘रिट्झ’ हॉटेलात आज एका रात्रीचे लाखाच्या वर रुपये मोजावे लागतात. गादी घरीही असते, जेवण घरीही मिळतं. मग सव्वाशे वर्षं जुन्या हॉटेलात एक रात्र झोपायला लोक इतके पैसे का देतात? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात सेझार रिट्झचं अख्खं आयुष्य गेलं. उत्तर त्याला सापडलं, पण त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागली.

हॉटेलचं काम तुला जमणार नाही

सेझारचा जन्म २३ फेब्रुवारी १८५० चा. गावाचं नाव नीडरवाल्ड. रोन नदीच्या वरच्या खोऱ्यातलं, हिवाळ्यात बर्फाने वेढलं जाणारं छोटंसं खेडं. घरात तेरा भावंडं आणि सेझार त्यातलं शेंडेफळ. वडील शेतकरी, गावचा कारभारही बघायचे. पण तेरा पोरांना पुरेल एवढी जमीन डोंगरात कुणाकडे असते? धाकट्याने काहीतरी वेगळा धंदा शिकावा, असं घरच्यांनी ठरवलं. बाराव्या वर्षी फ्रेंच शिकण्यासाठी त्याची रवानगी सियों गावच्या शाळेत झाली.

पंधराव्या वर्षी त्याला ब्रीग गावातल्या एका हॉटेलात उमेदवारीला चिकटवण्यात आलं. काम होतं वाईन वाढण्याचं. पण गडी रमला नाही. वर्षभराच्या आत मालकाने त्याला घरचा रस्ता दाखवला. वर सांगितलं की, हॉटेलच्या धंद्याला अंगात एक वेगळीच जाण असावी लागते आणि ती तुझ्यात नाही.

हॉटेलच्या इतिहासात एवढा चुकीचा अंदाज दुसऱ्या कुणी क्वचितच बांधला असेल.

बूट पुसता पुसता शिकलेली विद्या

१८६७ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. जगभरातून माणसं येत होती, हॉटेलांना हात कमी पडत होते. सतरा वर्षांचा सेझार पॅरिसला पोचला आणि पडेल ते काम करू लागला. सामान उचललं, फरशा पुसल्या, पाहुण्यांच्या बुटांना पॉलिश केलं, मग हळूहळू वेटर झाला. नोकऱ्या बदलत बदलत तो ‘व्वाझँ’ या पॅरिसमधल्या नामांकित रेस्टॉरंटमध्ये शिरला.

इथे त्याची खरी शाळा झाली. वाईन कशी ओतायची, भाजलेलं बदक पाहुण्यासमोर कसं कापायचं, हे तर तो शिकलाच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो माणसं वाचायला शिकला. कुणाला खिडकीजवळचं टेबल लागतं, कुणाला मांस कमी शिजलेलं आवडतं, कोण कुणाशेजारी बसायला तयार नसतं, हे सगळं तो डोक्यात साठवत गेला. दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला काही सांगावं लागायचं नाही. आपली आवड या पोराच्या लक्षात आहे, एवढ्यानेच समोरचा खूश व्हायचा.

याच व्वाझँची आणखी एक ओळख आहे. १८७० मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि शहरात खायचे वांधे झाले. तेव्हा प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकायला काढले गेले. त्या नाताळात व्वाझँच्या मेन्यूवर हत्तीचं सूप होतं आणि उंटाचं मांसही होतं. जगबुडी आली तरी टेबलावरची चादर पांढरीशुभ्र हवी, असा त्या घराण्याचा खाक्या होता.

या सगळ्यात सेझारला एक गोष्ट मात्र कायम खुपत राहिली, ती म्हणजे स्वतःचे हातपाय. शेतकऱ्याच्या पोराचे मोठे, रांगडे हातपाय बड्या लोकांच्या नजरेत भरतील, याची त्याला लाज वाटायची. म्हणून तो मापापेक्षा अर्धा नंबर लहान बूट घालायचा. पुढे राजेरजवाडे त्याला नावाने ओळखू लागले, तरी ही सवय सुटली नाही. पाहुण्याला कुठे काय टोचतं, हे बरोबर ओळखणारा हा माणूस स्वतः दिवसभर टोचणाऱ्या बुटात उभा असायचा.

बंद पडलेली शेगडी आणि चाळीस पाहुणे

पॅरिसनंतर १८७३ च्या प्रदर्शनासाठी तो व्हिएन्नाला गेला, मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीसला आणि तिथून परत स्वित्झर्लंडला. ल्युसर्नच्या तलावाजवळ रिगी नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरच्या ‘रिगी-कुल्म’ हॉटेलात तो व्यवस्थापक म्हणून लागला. इथला एक किस्सा हॉटेलच्या धंद्यात आजही सांगितला जातो.

झालं असं की, कडाक्याच्या थंडीत हॉटेल गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडली. आणि नेमके त्याच दिवशी चाळीसेक श्रीमंत अमेरिकन पाहुणे जेवायला येत असल्याचा निरोप आला. जेवणाच्या मोठ्या दालनात दात वाजत होते. दुसरा कुणी असता तर हात जोडून माफी मागून मोकळा झाला असता.

सेझारने मोठं दालन सोडून लाल पडद्यांची छोटी बैठक निवडली. लाल रंग बघूनच माणसाला ऊब वाटते, हे त्याला ठाऊक होतं. झाडं ठेवायच्या तांब्याच्या मोठ्या घंगाळांतली माती काढून त्यात स्पिरिट ओतलं आणि पेटवून दिलं. भटारखान्यात विटा तापत घातल्या आणि त्या फलाटीनच्या कापडात गुंडाळल्या. पाहुणे कुडकुडत आले, तेव्हा खोली उबदार झालेली होती आणि प्रत्येकाच्या पायाखाली एकेक गरम वीट ठेवलेली होती. जेवणाची सुरुवात वाफाळत्या सूपने झाली आणि शेवट टेबलावरच पेटवून वाढलेल्या गोड धिरड्यांनी.

काहीतरी बिघडलंय, याची पाहुण्यांना फारशी झळच लागली नाही. रिट्झची सगळी विद्या या एका दुपारी दिसते. अडचण आपण झेलायची, पाहुण्यापर्यंत फक्त ऊब पोचवायची.

हॉटेल म्हणजे नाइलाज होता, तो काळ

१८७७ मध्ये कर्नल फीफर यांनी सेझारला ल्युसर्नच्या ‘ग्रँड नॅशनल’ हॉटेलचा कारभार सोपवला. हॉटेल देखणं होतं, पण तोट्यात चाललेलं. पुढची काही वर्षं तो उन्हाळ्यात ल्युसर्न आणि हिवाळ्यात समुद्रकाठी, पुढे मोंटे कार्लोला असा फिरत राहिला. कारण त्याचे पाहुणेही ऋतूप्रमाणे तसेच फिरायचे.

तो काळ समजून घ्यायला हवा. श्रीमंत माणूस प्रवासात शक्यतो नातेवाइकांकडे उतरायचा, नाहीतर बंगला भाड्याने घ्यायचा. हॉटेल म्हणजे नाइलाज. जेवायला एकच लांबलचक टेबल, ठरलेली वेळ, समोर येईल ते खायचं. न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला, तेही अनेकांत मिळून एक. जाडजूड मखमली पडद्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि भिंतींवर दिव्यांची काजळी.

हे बदलायचं तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागणार होती. १८८४ मध्ये मोंटे कार्लोत शेजारच्या स्पर्धक हॉटेलने सेझारचा मुख्य आचारी पळवला. नव्या आचाऱ्याच्या शोधात त्याला भेटला ऑग्युस्त एस्कॉफिए. या जोडगोळीने पुढे युरोपातल्या हॉटेलांचा चेहराच बदलून टाकला. पाहुण्यांची बाजू सेझारकडे आणि चुलीची एस्कॉफिएकडे. एस्कॉफिएने भटारखान्यातला आरडाओरडा बंद केला आणि प्रत्येकाचं काम वाटून दिलं. कुणी फक्त सॉस बघायचा, कुणी मासे, कुणी गोड पदार्थ. एका पदार्थाची अनेक कामं एकाच वेळी चालू झाली आणि जेवण गरमागरम टेबलावर पोचू लागलं. जगभरातल्या मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरं आजही साधारण याच पद्धतीने चालतात.

१८८८ मध्ये सेझारने मारी-लुईझ बेकशी लग्न केलं. ती स्वतः हॉटेलवाल्यांच्या घरातली. पुढे सेझार थकला तेव्हा सगळा डोलारा तिनेच सांभाळला.

लंडनच्या बायका बाहेर जेवायला लागल्या

लंडनमध्ये रिचर्ड डॉयली कार्ट नावाचा नाटकवाला होता. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांनी त्याला बख्खळ पैसा मिळवून दिला होता. त्या पैशातून त्याने थेम्सच्या काठी ‘सॅव्हॉय’ हॉटेल बांधलं आणि ऑगस्ट १८८९ मध्ये ते सुरू झालं. विजेचे दिवे, लिफ्ट, भरपूर न्हाणीघरं, नळाला गरम आणि थंड पाणी, अशा सगळ्या सोयी होत्या. पण गाडी रुळावर येईना. शेवटी कार्टने सेझारला गळ घातली. सेझार आला तो एस्कॉफिएला घेऊनच.

सेझारने पाहिलं की, लंडनचे बडे लोक बाहेर जेवायलाच जात नाहीत. पुरुष क्लबात जेवतात. घरंदाज बाईने चारचौघांत बसून जेवायचं, हे तर कुणाच्या पचनी पडत नव्हतं. मग त्याने लेडी डी ग्रे यांच्यासारख्या मानाच्या स्त्रियांना हाताशी धरलं. त्या सॅव्हॉयमध्ये जेवू लागल्या, तसं जेवणं हाच एक सोहळा झाला. संध्याकाळचा खास पोशाख सक्तीचा झाला, जेवताना वाद्यवृंद वाजू लागला. रविवारी रात्री सुनंसुनं असणारं लंडन सॅव्हॉयमध्ये गर्दी करू लागलं. युवराज एडवर्ड म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड तिथला नेहमीचा पाहुणा झाला. ऑपेरा गायिका नेली मेल्बासाठी एस्कॉफिएने पीच आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा पदार्थ केला, तो ‘पीच मेल्बा’ याच सॅव्हॉयमधला.

सेझारचा दिवस कसा असायचा? तो टेबलांमधून हळूहळू फिरायचा. चादरीला सुरकुती दिसली की बदलायला लावायचा. वाऱ्याची झुळूक कुठून येते, कोणत्या पाहुण्याचा ग्लास किती वेळ रिकामा आहे, कुणाचा चेहरा का पडलाय, यावर त्याची नजर असायची. पाहुणा कधीच चुकत नाही, हा त्याचा नियम होता. पदार्थ आवडला नाही तर का, कसं असं न विचारता तो उचलायचा आणि दुसरा आणायचा.

एका सकाळी तिघांची हकालपट्टी

पण या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. मार्च १८९८ मध्ये सॅव्हॉयच्या संचालकांनी सेझार, एस्कॉफिए आणि त्यांचा सहकारी एशेनार या तिघांना तडकाफडकी काढून टाकलं. आचारी हातघाईवर आले, तेव्हा पोलीस बोलवावे लागले.

कंपनीने गुपचूप चौकशी केली होती. ३,४०० पौंडांहून अधिक किमतीच्या दारूचा हिशेब लागत नव्हता. एस्कॉफिए माल पुरवणाऱ्यांकडून कमिशन घेत होता. सेझार आपल्या नव्या हॉटेलांच्या गुंतवणूकदारांची सरबराई सॅव्हॉयच्या खर्चाने करतो, असा आरोप होता. १९०० साली तिघांनी कबुलीजबाबावर सह्या केल्या आणि पैसे भरून प्रकरण मिटवलं. दोन्ही बाजूंनी तोंड बंद ठेवल्यामुळे ते कागद १९८० च्या दशकापर्यंत जगासमोर आलेच नाहीत.

तेव्हाच्या पाहुण्यांना मात्र याची काहीच कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीने सॅव्हॉय म्हणजे सेझार होता. तो गेल्यावर त्यातल्या अनेकांनी सॅव्हॉयकडे पाठ फिरवली. इमारत, दिवे, लिफ्ट सगळं जागेवर होतं. पण दारात उभा राहून आपल्याला ओळखणारा माणूस तिथे नव्हता.

दिव्याचा रंग आणि टेबलाची उंची

सॅव्हॉय सुटण्याआधीच पॅरिसच्या प्लास व्हाँडोम चौकातल्या एका अठराव्या शतकातल्या वाड्याचं काम सुरू होतं. पैशाच्या मदतीसाठी सेझारकडे आधीचे ऋणानुबंध होते. फळांच्या मद्याचा कारखाना असलेल्या मार्निये-लापोस्तोल यांना त्यांच्या नव्या मद्यासाठी ‘ग्राँ मार्निये’ हे नाव सेझारनेच सुचवलं, असं सांगतात. त्यांनी आता त्याला हात दिला. वास्तुरचनाकार होता शार्ल मेवेस. आणि १ जून १८९८ ला, सॅव्हॉयमधून हाकललं गेल्यावर तीन महिन्यांच्या आत, ‘हॉटेल रिट्झ’ उघडलं.

या हॉटेलात सेझारने आयुष्यभर गोळा केलेलं सगळं ओतलं.

पहिली गोष्ट स्वच्छता. क्षयरोगाची धास्ती घराघरांत होती, तो हा काळ. सेझारने धूळ धरणारा कागद भिंतींना लावू दिला नाही, त्याऐवजी धुता येईल असा रंग दिला. जाड मखमली पडदे नकोत, हलके आणि धुता येणारे हवेत. लाकडी पलंगांच्या जागी पितळी पलंग आले. कपड्यांची कपाटं भिंतीतच बसवली, म्हणजे वर-खाली धूळ साचायला जागा नको. आणि खोलीला लागून स्वतंत्र न्हाणीघर. आज साध्या लॉजवरही आपण अटॅच्ड बाथरूम आहे का हे आधी विचारतो. त्या काळी हे अप्रूप होतं.

दुसरी गोष्ट उजेड. विजेचा दिवा नवीन होता, पण तो थेट तोंडावर पडला की माणूस आजारी दिसतो. सेझारने दिवे झाकले आणि प्रकाश छताकडे वळवला. शेड कोणत्या रंगाची हवी हे ठरवायला त्याने मारीला तासन् तास दिव्याखाली बसवलं आणि एकामागून एक रंग बदलून बघितले. शेवटी जर्दाळूसारखी गुलाबी छटा पसंत केली. त्या उजेडात प्रत्येक बाईचा चेहरा टवटवीत दिसायचा. आपण इथे छान दिसतो, एवढंच पाहुण्यांना कळायचं. का दिसतो, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

तिसरी गोष्ट घरपण. वाडा हा हॉटेलसारखा नाही, तर एखाद्या रसिक सरदाराच्या घरासारखा वाटायला हवा होता. म्हणून प्रशस्त लॉबीच ठेवली नाही. लॉबी असली की बिनकामाचे लोक रेंगाळतात आणि पाहुण्याला आपण बाजारात उभे आहोत असं वाटतं.

उद्घाटनाच्या दिवसाचा एक किस्सा तर प्रसिद्धच आहे. जेवणाची टेबलं आली, सेझार खुर्चीवर बसला आणि टेबलं जराशी उंच आहेत असं त्याच्या लक्षात आलं. फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा. संध्याकाळी पॅरिसमधले बडे लोक येणार होते. त्याने सगळी टेबलं परत पाठवली, पाय कापून घेतले आणि पाहुणे यायच्या आत मांडून ठेवली. दोन सेंटिमीटर उंच टेबलाची तक्रार कुणीही केली नसती. फक्त दोन तास बसल्यावर खांदे का अवघडलेत, हे त्यांना कळलं नसतं.

२४ जून १९०२

पाठोपाठ १८९९ मध्ये लंडनला ‘कार्लटन’ उघडलं. रोमचं ग्रँड हॉटेल तर आधीच त्याच्या देखरेखीखाली सुरू झालं होतं. सेझार सतत रेल्वेत असायचा. आज पॅरिस, उद्या लंडन, परवा आणखी कुठे. प्रत्येक ठिकाणी तोच डोळा, तीच सुरकुती, तोच दिवा. झोप कमी झाली, चिडचिड वाढली. कौतुक झालं की आनंद, आणि जराशी तक्रार आली की दिवसेंदिवस जिवाला घोर, असा त्याचा स्वभाव.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला. तारीख २६ जून. जगभरातून राजघराणी लंडनला निघाली. कार्लटन खचाखच भरलं. सेझार आणि एस्कॉफिए कित्येक महिने या दिवसांच्या तयारीत बुडालेले होते. जो युवराज त्याच्या टेबलावर जेवत आला होता, तोच आता राजा होणार होता. शेतकऱ्याच्या पोरासाठी याहून मोठा दिवस कोणता?

राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना, २४ जूनला बातमी आली. राजाच्या पोटात गळू झालं होतं, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणार होती. राज्याभिषेक बेमुदत पुढे ढकलला. कार्लटनमध्ये दुपारचं जेवण चालू होतं. सेझारने स्वतः पाहुण्यांना शांतपणे ही बातमी सांगितली. मग बुकिंग रद्द करण्याची रांग लागली. महिनोन् महिन्यांची तयारी काही तासांत मातीमोल झाली.

त्याच दिवशी सेझार कोसळला.

राजा वाचला आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेकही झाला. सेझार मात्र पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. अधूनमधून सावरायचा, कामात लक्ष घालायचा, मग पुन्हा अंधारात बुडायचा. आजच्या भाषेत याला मानसिक आजार म्हणतील. तेव्हा त्यावर विश्रांती आणि हवापालट यापलीकडे फारसा उपाय नव्हता.

मे १९०६ मध्ये लंडनला ‘द रिट्झ’ उघडलं. लंडनमध्ये पोलादी सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या इमारतींपैकी ही एक. इमारतीवर त्याचं नाव झळकत होतं आणि तो स्वतः त्यापासून लांब लांब चालला होता. १९१० मध्ये माद्रिदलाही रिट्झ झालं. नाव जगभर पसरत गेलं आणि माणूस स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयाच्या खोलीत मिटत गेला. पॅरिसचं हॉटेल मारी चालवत होती. महायुद्धाच्या काळातही तिने ते बंद पडू दिलं नाही.

ऑक्टोबर १९१८ मध्ये क्युसनाख्ट या गावी सेझार रिट्झचा मृत्यू झाला. वय अडुसष्ट. त्याच वर्षी मारीने आपला धाकटा मुलगा रेनेही गमावला होता. थोरला शार्ल पुढे पॅरिसच्या रिट्झच्या कारभारात उतरला.

क्युसनाख्ट हे गाव नेमकं रिगी डोंगराच्या पायथ्याशी आहे. ज्या डोंगराच्या माथ्यावर त्याने तांब्याची घंगाळं पेटवून चाळीस अनोळखी माणसांना ऊब दिली होती, त्याच डोंगराच्या पायथ्याशी त्याने शेवटचा श्वास घेतला.

मग मुक्काम खास होतो तो कशाने?

आज ‘रिट्झ’ हे नाव अनेकांच्या हाती आहे. पॅरिसचं रिट्झ वेगळ्या मालकाचं, लंडनचं वेगळ्या. ‘रिट्झ-कार्लटन’ ही तर अमेरिकेत वाढलेली साखळी. बोस्टनला १९२७ मध्ये उघडलेल्या हॉटेलातून तिची परंपरा सुरू होते आणि आता ती मॅरियट समूहात आहे. म्हणजे पुण्यातल्या हॉटेलचा सेझारच्या घराण्याशी थेट संबंध नाही. पण त्याची पद्धत मात्र सगळ्यांनीच उचलली.

जुन्या मोठ्या हॉटेलात राहून आलेल्या माणसाला विचारा, तो झुंबरांचं वर्णन दोन मिनिटांत संपवतो. मग सांगतो की, दुसऱ्या दिवशी सकाळी वेटरने न विचारता बिनसाखरेचा चहा आणला. सांगतो की, दारावरच्या माणसाने नावाने हाक मारली. खोलीत झोप छान लागली, पण का ते त्याला सांगता येत नाही. कारण पडदा नीट मिटतो, दिवा डोळ्यांवर येत नाही, बटण हाताला सापडतं, नळाचं पाणी लगेच गरम येतं. यातलं काहीच त्याच्या नजरेत भरत नाही, आणि तसंच व्हावं म्हणून कुणीतरी झटलेलं असतं.

संगमरवर आणि सोन्याचा मुलामा पैसे टाकले की कुठेही मिळतो. कुणीतरी आपली काळजी आधीच करून ठेवली आहे, ही भावना विकत घेणं अवघड असतं. जुन्या हॉटेलांत ती जास्त सापडते, कारण तिथे पाहुण्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवायची रीत एका पिढीने दुसरीला शिकवलेली असते.

पण सेझारच्या आयुष्यातली दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाहुण्याच्या डोक्यावरचा भार शून्यावर आणायचा, तर तो कुणाच्या तरी डोक्यावर जातोच. सेझारने तो सगळा एकट्याच्या डोक्यावर घेतला. एस्कॉफिएने भटारखान्यात कामं वाटून दिली आणि तो ऐंशी ओलांडून जगला. सेझारला मात्र टेबलावरची एक सुरकुतीही दुसऱ्यावर सोपवता आली नाही. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या हॉटेलात, मग ते पंचतारांकित असो की हायवेवरचं, सगळं आपोआप नीट चाललंय असं वाटलं, तर थोडं थांबून आजूबाजूला बघा. आपोआप काहीच होत नसतं. कोपऱ्यात कुणीतरी दिवसभर उभं असतं, आणि बहुतेक त्याचेही पाय दुखत असतात.

सेझारची समाधी आज नीडरवाल्डलाच आहे. जे गाव सोडून तो पोटासाठी बाहेर पडला होता, तिथेच. ब्रीगच्या ज्या मालकाने त्याला नालायक ठरवलं, त्याचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही. शेतकऱ्याच्या तेराव्या पोराचं आडनाव मात्र शब्दकोशात जाऊन बसलं आहे.